बारकूचं पाणी चालत उतरतं

बारकू कुणाच्याही घरी गेला की आधी पाणी मागतो. यात नवल काय, तुम्ही म्हणाल. उन्हातून आलेला माणूस पाणीच मागणार. पण बारकू ते पाणी पीत नाही. तांबा हातात घेतो, अंगणाच्या मधोमध उभा राहतो आणि सगळा तांबा जमिनीवर ओततो. मग उकिडवा बसून ते पाणी कुठं जातं ते बघतो. घरधनी दारात उभा, त्याची बायको मागून "कोन वो हा येडा?" करतेय, पोरं हसतायत, आणि हा जमिनीला डोळा लावून बसलेला. पाणी जिरलं की उठतो, गुडघे झाडतो आणि निकाल देतो. "तुमचं पानी मागल्या भितीत घुसतंय." नाहीतर, "झ्याक हाय. सुखी घर."

बारकू माझा मेव्हणा. माझ्या बायकोचा, ठमीचा, धाकटा भाऊ. साठी कधीच ओलांडलीय. अंगानं शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखा. डोक्यावर टोपी, खाली खाकी हाफचड्डी, कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी. कोयता असो नसो, आकडी असतेच. लग्नाला जाताना पण काढत नाही. जन्मभर त्यानं एकच काम केलं, भाताच्या खाचरांना बांध घालायचं. सिद्धगडाखालच्या गावांत कुणाचा बांध फुटला की बोलावणं बारकूला.

मी तिसरी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका असतील. पण बारकूबद्दल खोटं लिहिणार नाही, कारण खरंच एवढं आहे की खोट्याला जागा नाही.

एकदा माझ्या पुतण्याच्या लग्नात यानं मांडवात तांबा ओतला. बघितलं. आचाऱ्याला म्हणाला, "भांडी घासायची हितं वर मांडू नको. पानी पंगतीत येईल." आचारी म्हणाला, "म्हाताऱ्या, बाजूला हो." दुसरी पंगत बसली आणि खरकटं पाणी मांडवाखालून पंगतीत शिरलं. व्याही उठले, विहीणबाई ओरडल्या, लहान पोरं पाण्यात बसून रडायला लागली. एकटा बारकू आधीपासून पत्रावळ हातात घेऊन खांबाला टेकून उभा होता. उभ्यानं जिलेबी खात होता.

त्याचं स्वतःचं लग्न असंच मोडलं. पोरगी बघायला गेलो होतो, मी पण होतो. पोरगी चांगली, बारकूला पसंत. तेवढ्यात पाण्याचा तांबा आला आणि हा उठला. मी चड्डी धरून ओढली, ऐकेना. पोरीच्या बापाच्या अंगणात पाणी ओतलं आणि बापाला म्हणाला, "मामा, तुमची मागली भित यंदाच्या पावसात बसनार." बाप म्हणाला, "पोरगी मागाय आलास का घराला शाप द्याय?" सोयरीक तिथंच तुटली. आषाढात भिंत बसली. पण तोवर पोरगी कसाऱ्याला दिलेली. पुढं कुणी बारकूला पोरगी दाखवलीच नाही, आणि त्यानं पण कुणाचं अंगण सोडलं नाही.

आमच्याकडं हा तमाशा व्हायचा नाही असं नाही. पण ठमीला त्याची नस माहीत. आई लवकर गेली, ठमीनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. तो फाट्यावरून येताना दिसला की ती दोन्ही हातांत दोन तांबे घेऊन दारात उभी. "हा तुज्या जमिनीला, हा तुला." बारकू पहिला ओतायचा, दुसरा घटाघटा प्यायचा. वर बोलायचा, "काठोकाठ भरत जा गो बाय, पान्याची पन कंजूषी?" ती म्हणायची, "पोट हाय का खाचर?" दर वेळी हेच. मला तर पाठ झालं होतं.

ठमी जाऊन येत्या पौषात दोन वर्षं होतील. चार दिवस ताप आला आणि गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. बसलोय बारकूवर लिहायला.

मी मूळ आटगावकडचा. पण गेली पंधरा वर्षं मुरबाडच्या पुढं एका शेठच्या बंगल्यावर राखणदार आहे. राखणदार म्हणजे माळी मीच, पंपवाला मीच, आणि शेठचा कुत्रा मेल्यापासून भुंकायचं पण माझ्याकडंच. शेठ आणि मॅडम शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी जातात. बंगला खाली सपाटीला. त्याच्या मागं पोहायचा तलाव, ज्याला सगळे स्विमिंग पूल म्हणतात. पुलाला लागून चढ सुरू होतो, चांगला घराएवढा उंच, आणि चढाच्या माथ्यावर माझी खोली. एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, मागं मोरी. तिथं मी आणि ठमी राहिलो.

आधी त्या उतारावर करवंदीची जाळी होती, रान होतं. मॅडमना ते बरं दिसेना. ठाण्याहून एक गार्डनवाला आला. तरणा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. त्यानं सगळं रान काढलं, माती हातानं गुळगुळीत केली, आणि वर हिरवळीच्या तयार गुंडाळ्या अंथरल्या, मांडवात सतरंजी अंथरतात तशा. मधे चार पामची झाडं रोवली. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू.

ठमी गेल्यानंतरच्या आषाढात एका दुपारी ती सतरंजी निघाली. मी पडवीत बसून बघत होतो. आधी वरची कड सुटली. मग ती घडी घालत घालत खाली गेली आणि शांतपणे पुलात उतरली, जसं काही तिला पोहायचंच होतं. मागोमाग माती. निळ्या पाण्याचा घटकेत चहा झाला. तीन पाम पुलात उभे, एक आडवा पडून तरंगतोय. बेडकांना एवढा आनंद झाला की काय सांगू.

गार्डनवाला आला, चष्मा पुसला आणि म्हणाला, पाणी वरून येतंय, माथ्यावरची खोली पाडावी लागेल, आणि वरपासून खालपर्यंत सगळा उतार काँक्रीट करावा लागेल. मॅडम वाईट नाहीत. मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला गेटजवळ नवीन केबिन देऊ. पंखा पण असेल."

मला पंखा नको होता. खोलीत चुलीवरची भिंत काळी आहे. ती ठमीनं काळी केलेली आहे, चौदा वर्षं भाकऱ्या भाजून. ती भिंत केबिनमध्ये कुठून आणणार?

मी म्हटलं, "मॅडम, एक पावसाळा द्या. पुलात माती आली तर खोली मीच पाडतो. माझा मेव्हणा हाय."

"ते इंजिनियर आहेत का?"

"नाय. बांधवाले."

मॅडमनी शेठकडं बघितलं. शेठनी मोबाईलकडं बघितलं. म्हणाले, "एक पावसाळा. नंतर नाही."

पुढच्या वैशाखात, एका रविवारी, बारकू आला. खांद्यावर पहार, कमरेला आकडी. मॅडम पुलाशी खुर्ची टाकून बसलेल्या, गार्डनवाला पण आलेला. बारकूनं पाणी मागितलं. मॅडमनी ट्रेमधून थंडगार पाण्याची बाटली आणि काचेचा पेला आणवला. बारकू चार पावलं चढला आणि बाटली उताराला रिकामी केली.

"अहो, फिल्टरचं पाणी होतं ते!"

"चालतं जमिनीला," बारकू म्हणाला आणि उकिडवा बसला.

पाणी सरळ खाली आलं, पुलाच्या काठावरून आत. बारकू पुलाकडं बघत राहिला. "ही कोनाची न्हानी?"

"स्विमिंग पूल आहे तो."

"मासं हायत?"

"नाही."

"चिंबोरी?"

"नाही हो!"

"मंग एवढं पानी कशाला कोंडलंय बिचारं?"

गार्डनवाल्याला राहवेना. म्हणाला, "काका, हा स्लोप किती आहे माहितीये का? काही मोजमाप?" बारकूनं खिशातून सुपारी काढली आणि उतारावर सोडली. सुपारी टणाटण उड्या मारत थेट पुलात गेली. "एवढा," बारकू म्हणाला. मग जरा वेळानं माझ्या कानाशी, "भावजी, सुपारी एकच होती रं." मला जाळी घेऊन ती काढायला लागली.

मॅडम हसल्या. तिथंच अर्धं काम झालं. मग बारकूनं त्याचं म्हणणं मांडलं. "बाय, तुमच्या पान्याला धावायची सवय लागलीय. त्याला चालाय शिकवाय पायजे. उतरू दे, पन चालत उतरू दे."

हे त्याचं जन्माचं बोलणं. एसटीतून लोक धक्काबुक्की करत उतरले तरी हा मागून म्हणतो, "चालत उतरा रं, चालत."

आम्ही दोघं म्हातारे कामाला लागलो. उतारावर आडवे तीन दगडी बांध घातले, एकाखाली एक, आणि प्रत्येक बांधामागं माती भरून सपाट पट्टी केली. दगड तिथलाच, खाली मुरूम, दगडाला तोटा नाही. बारकू प्रत्येक दगड हातात घेऊन फिरवून बघायचा, त्याचं तोंड कुठं ते शोधायचा. सापडेना तर दगडाला शिव्या द्यायचा. उघड्या मातीवर पेंढा पसरला. "थेंब माती खनतो. पेंढा घातला की मार पेंढ्याला बसतो," तो म्हणाला. पेंढा त्याच्याच खळ्यावरचा, डोक्यावर भारे आणलेले.

पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात कणभर माती पुलात आली नाही. बारकू मिशीला पीळ देत हिंडत होता, म्हणजे मिशी असती तर. मग शनिवारी मॅडम आल्या आणि वर बघून ओरडल्या, "किती सुंदर! हे कुठलं ग्रास लावलंत?"

आम्ही दोघं वर गेलो. तिन्ही पट्ट्यांत पाणी तुंबलेलं, आणि पाण्यातून हिरवंगार, दाट, सारखं उगवलेलं. बारकूनं एक काडी उपटली, वास घेतला. त्याचा चेहरा पडला.

"भात हाय, बाय."

"भात म्हणजे?"

"म्हंजे भात. ताटातला. पेंढ्यात दानं राहिलं व्हतं."

मॅडमच्या मैत्रिणी आलेल्या, त्यांनी भाताशेजारी उभं राहून फोटो काढले. सगळे खूश. एकटा बारकू खूश नव्हता. तो खालच्या बांधापाशी जाऊन हातानं दगड चाचपत होता. मला म्हणाला, "भावजी, ह्याचं पोट फुगलंय."

मी बघितलं. बांधाचा मधला भाग खरंच गर्भार बाईसारखा पुढं आलेला. वर तुंबलेलं सगळं पाणी मातीत मुरून माती जड झालेली, आणि ती जड माती बांधाला ढकलत होती. तेवढ्यात परत सर आली. बारकूनं पहार उचलली आणि आपलाच बांध कडेला फोडला. जन्मभर दुसऱ्यांनी फोडलेले बांध यानं घातले, फोडणाऱ्यांशी भांडला, एकदा कोर्टात साक्ष द्यायला गेला. त्या माणसाला स्वतःचा बांध फोडताना मी पहिल्यांदा बघितला. पाणी सुटलं. पण जाता जाता पुलाचा एक कोपरा तांबडा करून गेलं.

मॅडमनी तो कोपरा बघितला. "काका, परत असं नको हं," एवढंच. पण शेठनी गार्डनवाल्याला फोन लावला तो मला ऐकू आला. काँक्रीटवाला तयार ठेव म्हणत होते.

त्या दिवशी बारकू जेवला नाही. ताटापुढं बसून भाताचे ढीग करत राहिला. मग म्हणाला, "माजा हात भाताचा, भावजी. खाचरात पानी अडवायचं असतं, तर हात अडवतोच. हितं अडवायचं नव्हतं. वळवायचं व्हतं."

"मंग आदी नाय कळलं?"

"कळलं असतं तर हा खालचा कोपरा तांबडा झाला असता का? तुजं डोकं पन तुज्या खोलीच्या कुलपासारखंच, गंजलेलं."

दुसऱ्या दिवसापासून सगळं नव्यानं. प्रत्येक बांधामागं चर खणला आणि त्याला थोडाच कल दिला, बाजूच्या ओहोळाकडं. कल किती, ते मोजायचं यंत्र म्हणजे तांबा. चराच्या एका टोकाला पाणी ओतायचं आणि बारकूनं त्याच्याबरोबर चालायचं. पाणी त्याच्या पुढं गेलं तर कल जास्त. मागं राहिलं तर कमी. म्हातारा आणि पाणी बरोबर पोचले की कल बरोबर. चराच्या तळाला दगड भरले. माझ्या खोलीमागं पण एक चर काढला, म्हणजे वरच्या रानाचं पाणी उतारावर यायच्या आधीच बाजूला जाईल. ओहोळाशी चर संपतो तिथं दगडाच्या पायऱ्या केल्या. माणसाला नव्हे, पाण्याला.

मग म्हणाला, "आता मुळं पायजेत."

आणि कोयता घेऊन तो माझ्या मोरीमागं गेला.

मोरीच्या तोंडाशी ठमीचा वाळा आहे, वासाच्या मुळांचं गवत. माहेराहून एक मूठ आणून लावलेला. भांड्यांच्या पाण्यावर वाढून माझ्या छातीएवढा झाला. उन्हाळ्यात ती त्याची मुळं धुऊन माठात टाकायची. मी धावत मागं गेलो.

"बारकू, त्याला हात लावायचा नाय."

"दगड माती धरत नाय, भावजी. मूळ धरतं. वाळ्याचं मूळ पुरुषभर खाली जातं."

"दुसरीकडनं आन."

"हा ह्या जमिनीला सरावलाय."

"ठमीनं लावलाय तो!"

"मंग मी काय चोराचा म्हनतोय?"

"कोयता खाली ठेव म्हनतो ना!"

मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की खाली पुलात पोहणारे शेठ थांबले. बारकूनं कोयता ठेवला. मग दोन्ही हातांनी ते ठोंब मधे फाकवलं आणि म्हणाला, "बघ हितं."

मी बघितलं. कडेनं हिरवा, पण आत सगळा तपकिरी. पोकळ. बोट लावलं तर पानं चुरा होऊन आली.

"बाय दर वर्साला फोडायची ह्याला. मूठ मूठ काढून कुनाकुनाला द्यायची. ती गेल्यापास्नं कोनी फोडला नाय. असाच ठेवलास तर जाईल हा, भावजी."

मला ठाऊक होतं ती फोडायची ते. आठवलं नव्हतं, एवढंच. घरात जाऊन बसलो. मागं पहारीचे घाव ऐकू यायला लागले. एक, दोन, मग बराच वेळ नाही. मी बाहेर आलो तर बारकू फोडलेलं एकेक ठोंब मांडीवर घेऊन मुळांची माती बोटांनी झाडत होता, लहान पोराच्या केसांतून हात फिरवावा तसा. मी कोयता घेतला आणि शेंडे छाटायला बसलो. संध्याकाळपर्यंत तिन्ही बांधांच्या कडेनं आडव्या ओळींत वाळा लागला. एक ठोंब बारकूनं परत मोरीशी लावलं. मी सांगितलं नव्हतं.

वाळ्यानं महिनाभर घेतला मूळ धरायला. मग नारळी पुनवेच्या आधीच्या आठवड्यात तो पाऊस आला. दोन दिवस सुटलाच नाही. तिसरा दिवस शनिवार. शेठ, मॅडम व्हरांड्यात. गार्डनवाला पण आलेला, बहुतेक काँक्रीटचं माप घ्यायला. वरून बघितलं तर रान दिसत नव्हतं, नुसतं पाणी. घरात भांडीकुंडी बांधून ठेवली होती मी, खोटं कशाला बोलू.

बारकू प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन उतारावर हिंडत होता. वरचा चर भरला. आणि वळला. दुसरा भरला, वळला. बारकू पाण्याबरोबर चालत होता आणि त्याच्याशी बोलत होता. "हळू गो, हळू. कोन वाट बघतंय तुजी? पाय टाक नीट. आता पायरी हाय. उतर. चालत उतर." पाण्याला तो कायम गो म्हणतो, का ते मी विचारलं नाही.

मॅडम छत्री घेऊन ओहोळापाशी गेल्या, चप्पल हातात. दगडाच्या पायऱ्यांवरून पाणी उतरत होतं. त्यांनी ओंजळ धरली. पाणी शहाळ्याच्या पाण्यासारखं. मग पुलाकडं बघितलं. पूल निळाच. आत फक्त एक बेडूक, तो पण बावरलेला.

"काका," मॅडम मला म्हणाल्या, "खोली राहू दे."

मी म्हटलं, "बेडूक काढू का?" काहीतरी बोलायचं म्हणून.

गार्डनवाल्यानं बारकूला विचारलं, "काका, हे कुठं शिकलात?" बारकू म्हणाला, "चुकून." पोरगा चांगला निघाला. त्यानं सगळ्या चरांचे फोटो काढले आणि दुसऱ्या एका बंगल्यावर बारकूला नेतो म्हणाला. बारकूनं विचारलं, "तितं मासं हायत?"

मॅडमच्या हट्टानं खालच्या पट्टीतला भात ठेवलेला. आश्विनात तो कापला. पातेलंभर तांदूळ निघाला. अर्धा मॅडमनी डब्यात घालून मुंबईला नेला, अर्धा मला ठेवला. सगळं झालं. खोली राहिली, पूल राहिला, उतार राहिला. आता बारकूचं इथं काही काम नव्हतं.

पण बारकूचं येणं थांबेना. आठवड्याला एक फेरी. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं अर्धा तास पायी. पाऊस संपला, चर वाळले, तरी हजर.

"आता काय बघतोस? कोरडा हाय चर."

"कोरडा असतानाच बघाय लागतो."

मी तांबा द्यायचो. तो ओतायचा, बघायचा. आणि मग एक नवीन खोड त्याला लागली होती. म्हणजे ठमीच्या बाराव्यापासूनच होती, पण आता दर फेरीची झाली. पाणी ओतून झालं की उजवा हात पुढं करून तसाच उभा राहायचा. देवळापुढच्या भिकाऱ्यासारखा. जरा वेळानं हात खाली घ्यायचा, तोंड कोरड्या हातानं पुसायचा आणि म्हणायचा, "येतो, भावजी." मी म्हणायचो, झालं, याचं डोकं गेलं. लोकांना पण हसून सांगितलं मी ते.

भाऊबीज आली. गेल्या वर्षी, ठमीचं वर्ष व्हायचं होतं म्हणून, तो आला नव्हता. यंदा येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ओवाळायला कोण आहे इथं? तरी त्या पट्टीतले तांदूळ काढले. म्हटलं, भात लावू, सुकटीचं कालवण करू, आला तर जेवेल. फळीवरची भांडी उतरवली. मागं कोपऱ्यात ठमीचा दुसरा तांबा. काठाला पोचा आलेला. धूळ, आत कोळ्याचं जाळं. चिंच घेऊन घासायला बसलो.

घासता घासता माझा हात थांबला.

मी पडवीत आलो तेव्हा बारकू फाट्याकडून येताना दिसत होता. धुतलेला सदरा, टोपी नवी, कमरेला आकडी. काखेत कागदात गुंडाळलेलं काही, दर भाऊबीजेला लुगडं आणायचा तेवढ्याच आकाराचं. उताराखाली थांबला, वाळ्याच्या ओळींकडं बघितलं. वर आला. पुडकं पडवीत ठेवलं, खाली न बघता.

"चर बघाय आलो," तो म्हणाला. "पानी दे."

मी त्याला तांबा दिला. त्यानं अंगणात ओतला, उकिडवा बसला. पाणी हळूहळू मागल्या चराकडं गेलं. उठला, गुडघे झाडले, आणि उजवा हात पुढं केला.

मी पाठीमागून दुसरा तांबा काढला आणि त्या हातात ठेवला.

"आनि हा तुला," मी म्हटलं.

बारकू तांब्याकडं बघत राहिला. काठावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग मान वर करून प्यायला, घटाघटा, सगळा. गळ्यावरून पाणी सदऱ्यात उतरलं, त्यानं पुसलं नाही. रिकामा तांबा माझ्यापुढं धरला. डोळे भलतीकडंच.

"अर्धाच व्हता," तो म्हणाला. "काठोकाठ भरत जा."

"पोट हाय का खाचर?" मी म्हटलं, आणि भरायला आत गेलो.